चौथा दशांश कोणासाठी?

गेल्या कोजागरीस, आम्ही सध्या ज्या गावी नोकरीनिमित्त आहोत तेथील महाराष्ट्र मंडळात, दूध आटत असताना एक कार्यक्रम झाला. केंद्र सरकारच्या सेवेतील एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी आपल्या नोकरीच्या काळात सहा राज्यांत टिपलेली वन्य पशुपक्ष्यांची छायाचित्रे नकाशावर मांडून दाखविली. प्रारंभी पडद्यावर सबंध देशाचा नकाशा होता व त्यावर फिकट-गडद रंगांचे चौकोन होते. नकाशा जवळ आणू लागताच चौकोन फुटून त्यांचे ठिपके झाले, आणि एका ठिपक्यावर बोट ठेवताच एक छायाचित्र उघडले. कड्याच्या कपारीत बसलेले शृंगी घुबड, त्याच्या पोटाशी दोन पिले, आणि खाली अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळी वाजविली.

ती टाळी परत घेण्यासाठी हा लेख आहे. त्या अधिकाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. पहाटे चारला उठून ओढ्याकाठी दबून बसणारा माणूस संध्याकाळी पत्ते कुटणाऱ्या माणसापेक्षा केव्हाही बरा. आमचा वाद त्या सहा आकड्यांशी आहे, ते मोठ्या पडद्यावर दाखविण्याच्या हौसेशी आहे, आणि या हौसेला 'विज्ञानसेवा', 'लोकशाही' अशी भारदस्त नावे देणाऱ्या युक्तिवादाशी आहे.

प्रथम हे स्पष्ट करतो की, अशा नोंदींचे आम्ही विरोधक नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. प्राणिशास्त्रात आमची गती बेताचीच. तरीही गेली आठ वर्षे आम्ही स्वतः अशा नोंदी करीत आलो आहोत. २००२ साली कॉर्नेल येथील पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीच्या साहचर्याने 'ईबर्ड' सुरू केले. २००८ साली बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून 'आयनॅचरलिस्ट' निघाले. कोपनहेगन येथे कचेरी असलेल्या 'जीबीआयएफ' या जागतिक भांडारात निरीक्षणे व संग्रहालयांतील नमुने मिळून तीन अब्जांहून अधिक नोंदी जमल्या आहेत. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवाल सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. सरकारने पगारी माणसे नेमून हे काम करावयाचे म्हटले असते तर नुसती पदे मंजूर होण्यातच एक पिढी गेली असती. ही कमाई लहान नव्हे. परंतु नोंद करणे हे एक कृत्य आहे आणि नोंदीचे प्रदर्शन मांडणे हे दुसरे. या दोहोंची गल्लत हेच आमच्या मते सर्व अनर्थाचे मूळ आहे.

आता थोडे अंकगणित. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढील पहिला आकडा सुमारे ११ किलोमीटरांपर्यंत नेतो, म्हणजे तालुक्याच्या एका कोपऱ्यापर्यंत. दुसरा आकडा एका किलोमीटरापर्यंत नेतो, म्हणजे शिवारापर्यंत. तिसरा सुमारे ११० मीटरांपर्यंत, आणि चौथा ११ मीटरांपर्यंत, म्हणजे झाडाच्या बुंध्यापाशी. त्यापुढचे दोन आकडे तर एका वितीहूनही लहान अंतराची बतावणी करतात. खिशातल्या दूरध्वनीला इतके अचूक मोजता येत नाही, तरी तो बेधडक लिहितो, आणि आपण ते वाचून विज्ञान झाले असे मानतो. शिवाय तो यंत्राची जागा लिहितो, प्राण्याची नव्हे. लांब भिंगाने पलीकडच्या कड्यावरचा पक्षी टिपणारा मनुष्य नकाशावर पक्ष्याला अलीकडच्या रस्त्यावर आणून बसवितो. कोणती जात कोणत्या जिल्ह्यात आहे, ती वाढते आहे की घटते आहे, ऋतूप्रमाणे कोठून कोठे जाते, या प्रश्नांना बहुधा पहिला-दुसरा आकडा पुरतो. मग चौथा आकडा जाहीर पडद्यावर कोणासाठी? ज्याला त्या झाडापाशी जाऊन उभे राहावयाचे आहे त्याच्यासाठीच. आणि झाडापाशी येणारा प्रत्येक मनुष्य पंचांग पाहून सद्भावनेच्या मुहूर्तावर येतो असे नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. यापूर्वी आम्ही मध्य प्रदेशातील एका लहान शहरी होतो. त्या शहराचे नाव येथे देत नाही. का देत नाही, हे सुज्ञ वाचकांना पुढे कळेलच. सरकारी वसाहतीमागे एक ओढा होता व त्याने मातीचे कडे कोरून काढले होते. तेथे मेंढ्या चारावयास येणाऱ्या एका वृद्ध गडरियाशी, म्हणजे आपल्याकडच्या धनगराशी, आमची ओळख झाली. वर्षभर रविवारमागून रविवार त्याच्याबरोबर चहा घेतल्यावर एका डिसेंबरात त्याने आम्हाला कपारीतले घुबडाचे घरटे दाखविले आणि कोणाला सांगू नका, असे बजावले. आम्ही होकार दिला. त्या रात्री घरी येऊन छायाचित्र नकाशावर चढविले, तेव्हा आपण वचनभंग करीत आहोत हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आम्ही कोणाला बोललो नव्हतो. फक्त एक ठिपका ठेवला होता.

पहिल्या पंधरवड्यात शहरातले चार हौशी छायाचित्रकार आले. पुढे दुसऱ्या जिल्ह्यांतून मोटारी येऊ लागल्या. कोणी रात्री विजेऱ्या मारी, कोणी ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावी. आम्ही प्रारंभी त्यांना वाट दाखवावयास जात होतो आणि मनातून फुशारतही होतो. जानेवारीअखेर एका रविवारी गेलो तेव्हा कपार रिकामी होती. वरच्या बाभळीला नवा दोर बांधलेला होता व त्याचे टोक कपारीच्या हातभर खाली लोंबत होते. पिले मोठी होऊन उडून गेली असावीत असे स्वतःला समजावण्याचा आम्ही बराच प्रयत्न केला. परंतु पिलांना दोर लागत नाही. तो दोर बांधणाऱ्याने आमचाच ठिपका पाहिला होता याचा पुरावा आमच्यापाशी नाही, आणि कोणत्याही चौकशीत आमच्यावर ठपका ठेवता येणार नाही हेही आम्ही जाणतो. तो गडरिया त्यानंतर आमच्याशी बोलेनासा झाला. त्याला नकाशा ठाऊक नव्हता, पण माणसे कोणाच्या मागोमाग आली हे त्याला समजले होते.

घुबडांचा व्यापार ही कपोलकल्पित गोष्ट नाही. 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात आढळणाऱ्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती चोरट्या बाजारात आढळल्या होत्या. जारणमारण व तांत्रिक विधी यांसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, त्यांना गिऱ्हाईक असते. आणि ज्यांच्या डोक्यावर कानांसारखी पिसे असतात, म्हणजे नेमकी शृंगी घुबडासारखी, त्यांना अधिक. आपण लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचे चित्र पूजितो, तेच लक्ष्मीच्या लोभाने बळी जाते, असा हा आपल्या धार्मिकतेचा प्रकार आहे.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप लोकशाहीचा. "माहिती सर्वांची आहे, ती दडपण्याची खोड तुम्हा कारकुनांना साहेबाच्या काळापासून लागली आहे, प्रत्येक कागदावर 'गोपनीय' असा शिक्का मारल्यावाचून तुम्हाला झोप लागत नाही." आक्षेपाचा उत्तरार्ध आम्ही नाकारीत नाही. आपल्याच देशाचे नकाशे आपल्याच नागरिकांना सुखासुखी मिळू नयेत अशी व्यवस्था आपण कित्येक वर्षे चालविली. ते निर्बंध खऱ्या अर्थाने सैल झाले ते फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. परंतु ज्या कायद्याने सरकारी कपाटे उघडली, तो २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आमच्या प्रतिपक्षाने एकदा सावकाश वाचावा. आम्हाला तो पोटासाठी वाचावा लागतो. त्याचे कलम ४ सांगते की माहिती आपण होऊन प्रसिद्ध करा. तोच कायदा कलम ८ मध्ये सांगतो की, जी उघड केल्याने एखाद्या व्यक्तीचे जीवित किंवा शारीरिक सुरक्षितता धोक्यात येईल ती माहिती देण्याचे बंधन नाही. आणि कलम १० सांगते की, कागदातला काही भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा भाग वेगळा काढा व उरलेला द्या. एका ओळीसाठी सबंध कागद अडवू नका. आमचे मागणे नेमके या तीन कलमांएवढेच आहे. जात सांगा, जिल्हा सांगा, महिना सांगा, छायाचित्र दाखवा; ज्या दोन आकड्यांनी जीव जाईल ते दोन आकडे वेगळे काढा. कायद्यातली 'व्यक्ती' ही माणूस आहे, घुबड नव्हे, हे आम्हाला समजते. पण ज्याला अर्ज करता येत नाही व अपीलही करता येत नाही, त्याच्या बाबतीत तेच तत्त्व पाळावयास कोणता कायदा आड येतो?

दुसरा आक्षेप विज्ञानाचा. "जागा अचूक नसेल तर नोंदीचा उपयोग काय? तुम्ही विज्ञानाचे नुकसान करीत आहात." या आक्षेपाला आम्ही मनापासून मान देतो, कारण त्यामागे एक विलक्षण इतिहास आहे आणि तो आपल्या खानदेशात येऊन संपतो.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याचे नाव १८८५ च्या काँग्रेस-स्थापनेमुळे आपल्या परिचयाचे आहे. तोही आपल्यासारखाच बदलीच्या गावांचा माणूस होता. महसूल व शेती खात्याचा सचिव म्हणून तो सिमल्यास होता. देशभर विखुरलेले मुलकी, लष्करी व जकात खात्यांतले अधिकारी त्याला पक्ष्यांच्या कातड्या व टिपणे पाठवीत, आणि १८७२ पासून तो पक्षिशास्त्राचे एक नियतकालिकही चालवीत असे. त्याने १८७३ साली, आजच्या छत्तीसगडातील बसना भागातून आलेल्या नमुन्यावरून, एका लहान घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच आपला रानपिंगळा. पुढे खानदेशात असलेला मुलकी अधिकारी डेव्हिडसन याने शहादे-तळोदे परिसरात काही नमुने मिळविले. १८८४ नंतर हा पक्षी कोणी मिळविला नाही. मात्र कर्नल माइनर्ट्झहागेन याच्या संग्रहात एक नमुना होता व त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठचे मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. सर्वांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढे कळले की तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, जुनाच होता, आणि त्यावरील चिठ्ठी बनावट होती. ती खोटी चिठ्ठी बाजूस सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील गावे धरून, पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे १९९७ च्या नोव्हेंबरात प्रथम पूर्वेकडे व मग शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. पुढे तो मेळघाटात सापडला, यावल व तानसा येथेही सापडला.

या कथेतून आमचा प्रतिपक्ष असा बोध घेतो की ठिकाण अचूक व उघड असले पाहिजे. आम्ही असा घेतो की ठिकाण खरे असले पाहिजे व ते जपून ठेवलेले असले पाहिजे. डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर चार दशांश नव्हते. गावाचे नाव होते. शंभर वर्षांनंतरही ती उपयोगी पडली, कारण ती प्रामाणिक होती व संग्रहालयाच्या खणात सुरक्षित होती. कोणी ती चौकात टांगली होती म्हणून नव्हे. म्हणूनच, पक्ष्याच्या रक्षणासाठी मुद्दाम खोटे ठिकाण लिहिणाऱ्या आमच्या काही मित्रांनाही आम्ही येथे तितक्याच स्पष्टपणे दोष देतो. खोटी नोंद ही माइनर्ट्झहागेनची वाट आहे; हेतू चांगला असला तरी चिठ्ठी बनावटच राहते, आणि पुढच्या शोधकाची वर्षे वाया घालविते. झाकावयाचे असेल तर झाकले आहे असे लिहून झाका.

तिसरा आक्षेप असा की, "हे सर्व झालेलेच आहे. ही संकेतस्थळे धोक्यातील जातींची ठिकाणे आपोआप झाकतात. तुम्ही उघड्या दारावर धडका मारीत आहात." अंशतः खरे आहे. ईबर्डवर संवेदनशील ठरविलेल्या जातींची नोंद २० किलोमीटर बाजूच्या चौकोनाखेरीज अधिक बारकाईने दिसत नाही. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातीचा ठिपका ०.२ अंशाच्या चौकोनात कोठेतरी यदृच्छेने टाकला जातो. आपल्या अक्षांशांवर तो चौकोन साधारण २२ किलोमीटर उंच व २० किलोमीटर रुंद भरतो. परंतु ही यादी जातींची आहे, प्रसंगांची नाही. शृंगी घुबड ही जात जगाच्या हिशेबात संकटग्रस्त नाही. म्हणून त्याचे घरटे आमच्या हातून उघडे पडले व कोणत्याही यंत्राने आम्हाला अडविले नाही. जात सुरक्षित असू शकते आणि तीच कपार, तीच दोन पिले, त्याच आठवड्यात धोक्यात असू शकतात. हे यंत्राला कळत नाही. ज्याने ते डोळ्यांनी पाहिले त्यालाच कळते. शिवाय ठिपका झाकला तरी छायाचित्रात मागे देवळाचे शिखर दिसते, टिपणात 'धरणाच्या भिंतीपासून डावीकडे' असे लिहिलेले असते. दाराला कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवण्याची ही तऱ्हा आहे.

चौथा आक्षेप सर्वांत व्यवहारी. "चोराला नकाशा लागत नाही, त्याला जंगल तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते." गावातल्या चोराविषयी हे खरे असेल. परंतु आजचा गिऱ्हाईक गावातला नाही. चीनमध्ये 'गोनियुरोसॉरस लुई' या नावाच्या पालीचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिला परदेशच्या हौशी बाजारात इतका भाव आला की तिच्या मूळ ठिकाणाहून ती थोड्याच वर्षांत नाहीशी झाली, आणि शास्त्रीय लेखांत नेमके ठिकाण छापावे की नाही हा वाद शास्त्रज्ञांनाच घालावा लागला. आपल्या आंध्रातले उदाहरण अधिक बोलके आहे. गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका निळ्याशार कोळ्याचे वर्णन पोकॉकने १८९९ साली केले. कोळी बहुधा लाकडांबरोबर दुरून आलेला. त्यामुळे त्याच्या नावाला चिकटलेले गाव चुकीचे होते आणि शतकभर तो कोणाला सापडला नाही. २००१ साली नंद्याल व गिद्दलूर यांमधील जंगलात तो पुन्हा दिसला, आणि पाहता पाहता युरोप-अमेरिकेतील काचेच्या पेट्यांत जाऊन बसला. त्या सबंध प्रजातीला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत आणावयास २०१९ साल उजाडले. आता येथे आमच्या प्रतिपक्षाने आम्हाला कोंडीत पकडावे: चुकीच्या पत्त्यानेच शंभर वर्षे त्याचे रक्षण केले, तर मग खोट्या नोंदीचा तुम्हाला इतका तिटकारा का? आमचे उत्तर असे की, त्या शतकात त्याला कोणी पकडले नाही, पण त्याचे जंगलही कोणी राखले नाही. सरपणासाठी झाडे तुटत गेली व तेथे काय नष्ट होत आहे हे सांगणारा कागद कोणापाशी नव्हता. अज्ञानाने क्षणभर आडोसा मिळतो, पण हक्क मिळत नाही.

आणि येथेच आम्ही आमच्या दुसऱ्या, कदाचित अधिक गंभीर, तक्रारीकडे वळतो. या प्रचंड नकाशांवर जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही ते अधिक घातक आहे. गडद चौकोन पाहून आपण म्हणतो, येथे पुष्कळ प्राणी आहेत. वस्तुतः तेथे पुष्कळ छायाचित्रे आहेत. ठिपके सडकांच्या कडेने जातात, अभयारण्यांच्या प्रवेशद्वारांशी गर्दी करतात, महानगरांत दाटतात, आणि आमच्यासारख्यांच्या सरकारी वसाहतींभोवती घुटमळतात. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्को व लॉस एंजेलिस यांच्या चुरशीतून सुरू झालेल्या नगर-निसर्ग स्पर्धेने तर दर एप्रिलअखेर शहरांच्या नोंदींना भरती येते. मुंग्यांनी मात्र एप्रिलअखेर शहरात राहावयास यावे असे काही ठरविलेले नसते. कोजागरीच्या त्या नकाशात तर त्या अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा सबंध इतिहास वाचता येत होता. त्यांच्या सेवापुस्तिकेची गरज उरली नव्हती.

हा विनोद असता तर सोडून दिला असता. पण कोरा चौकोन उद्या कोणाच्या तरी टेबलावर जातो. तेथे खाण, धरण किंवा विजेच्या तारा यांचा प्रस्ताव असतो. फायलीत 'सदर क्षेत्रात वन्यजीवांची नोंद आढळत नाही' असे वाक्य लिहिले जाते, आणि ते वाक्य खोटेही नसते. नोंद आढळत नाहीच, कारण नोंद करणारा कधी तेथे गेलेला नसतो. राजस्थान व गुजरात येथील माळढोक आणि वीजवाहिन्या यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ च्या एप्रिलात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला व २०२४ च्या मार्चात तो बदलून समिती नेमली गेली. त्या वादात पक्षी कोठे वावरतो हाच कळीचा प्रश्न होता. अशा वेळी खरी, अचूक, तारखेसह केलेली नोंद लागते. ती तज्ज्ञांच्या व न्यायालयाच्या हाती असावी लागते. म्हणजे जेथे चौथा दशांश खरोखर हवा असतो तेथे तो नसतो, आणि जेथे तो नको असतो त्या कोजागरीच्या पडद्यावर तो चांदण्यासारखा झळकतो. आमचा संताप या उलट्या न्यायावर आहे.

मग करावे काय? केवळ निषेध करून लेखणी खाली ठेवणे सोपे आहे, म्हणून आमच्या मंडळांतील निसर्गप्रेमी अधिकाऱ्यांपुढे चार सूचना ठेवतो.

एक, नोंदवही व प्रदर्शन वेगळे ठेवावे. नोंदवहीत खरे ठिकाण, खरी तारीख, आणि ते ठिकाण किती मीटरांच्या फरकाने खरे आहे तो आकडाही लिहावा. प्रदर्शनाच्या नकाशावर एक दशांश पुरे.

दोन, घरटे, बीळ, गुहा व रात्रीच्या वस्तीचे झाड यांचे ठिकाण ऋतू संपेपर्यंत कोणत्याही रूपात बाहेर जाऊ नये. जात संकटग्रस्त असो वा नसो. ज्या प्राण्याला बाजारात भाव आहे त्याचे ठिकाण ऋतू संपल्यावरही जाऊ नये. येथे आपल्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा.

तीन, नकाशा मांडणाऱ्याने कोऱ्या जागेवर 'येथे कोणी गेले नाही' असे लिहिण्याची हिंमत दाखवावी, आणि पुढचा रविवार सडकेपासून दूर अशा एखाद्या कोऱ्या चौकोनात घालवावा. तेथे सापडलेला साधा सातभाईसुद्धा प्रसिद्ध अभयारण्यातल्या शंभराव्या वाघाच्या छायाचित्रापेक्षा मोलाचा आहे.

चार, ज्याने जागा दाखविली त्याची अनुमती घ्यावी. आपण तीन वर्षांचे पाहुणे. तो गडरिया, तो कोळी, तो लाकूडतोड्या तेथलाच. त्याच्या कित्येक वर्षांच्या ज्ञानाचा ठिपका करून त्याखाली आपले नाव घालणे, याला आपल्या खात्यात काय म्हणतात हे अधिकारीवर्गास सांगावयास नको.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या नोकरीत कार्यभार सोपविण्याचा दिवस येतो. खुर्च्या, टेबले, शिक्के, प्रलंबित फायली, सर्वांची यादी होते व दोघांच्या सह्या होतात. त्या गावच्या ओढ्यातले, माळावरचे, कड्यावरचे जे आपल्याला ठाऊक झाले त्याची मात्र यादी होत नाही. ती व्हावी, आणि ती योग्य हाती पडावी, एवढीच आमची इच्छा आहे. ह्यूमने आपल्या आयुष्यभराच्या टिपणांचे हस्तलिखित सिमल्याच्या घरी सोडले आणि नोकराने ते रद्दीच्या भावात विकले. पण सुमारे ८० हजार नमुन्यांचा त्याचा संग्रह १८८५ साली ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला आणि टिकला. हरवणे व उधळणे या दोहोंच्या मध्ये सांभाळणे नावाची एक गोष्ट आहे.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, गेल्या महिन्यात रात्री जागून आम्ही आमच्या जुन्या नोंदींपैकी दोनशे अकरा नोंदींचे ठिकाण झाकले. मूळ आकडे एका जाड वहीत उतरवून ठेवले आहेत. त्या कपारीचा ठिपकाही झाकला, जरी तेथे आता झाकण्याजोगे काही उरलेले नाही.

कोजागरीच्या कार्यक्रमाचे ते अधिकारी या मासिकाचे वर्गणीदार आहेत. आमचे म्हणणे चुकीचे असेल तर त्यांनी याच पानांवर आमचा समाचार घ्यावा. आम्ही तो मुकाट्याने वाचू. मात्र उत्तर लिहावयास बसण्यापूर्वी त्यांनी आपला नकाशा एकदा उघडावा, कपारीतल्या त्या दोन पिलांच्या ठिपक्यावर बोट ठेवावे, आणि त्याखालचे आकडे आज रात्री कोण वाचीत असेल याचा क्षणभर विचार करावा. या वर्षीही त्या कपारीत अंडी घातली जातील.